हत्तीडोहाची राखण

श्रावण वद्य षष्ठी, दुपार

चि. लिलाधर यास,

थोरल्या भावाकडून पोटभर आशीर्वाद. (आठवीत मास्तरांनी शिकवलं होतं की पत्रात आधी आशीर्वाद, मग खुशाली, मग मतलब. शिवाय पत्र शुद्ध भाषेत लिहायचं असतं. मी दोन्ही पाळणार आहे. तू मात्र घाई करून शेवटचं पान आधी वाचू नको.) तुझी तब्येत बरी असेल, खारं पाणी अंगाला मानवलं असेल, दोन वेळा भात मिळत असेल, आणि लाँचीवरचे लोक तुझ्याशी आपल्यासारखं नाही तरी माणसासारखं बोलत असतील, अशी आशा करतो. इकडे सगळे खुशाल. मायचे गुडघे खुशाल नाहीत, पण ते लिहू नको असं तिनं बजावलं आहे, तेव्हा ते मी लिहिलेलं नाही. रंजू, म्हणजे तुझी वहिनी, चार वर्षांत विसरला नसशील तर, बरी आहे आणि मी हे पत्र लिहायला बसल्यापासून तिसऱ्यांदा विचारून गेली की एवढं काय लिहून राहिले.

आता तू म्हणशील, फोन सोडून कागद कायले? तर बापा, घरात होता तो एकुलता एक फोन सध्या हत्तीडोहाच्या तळाशी आहे. तो तिथं कसा गेला ते पुढे येईल. तुझा नंबर त्याच्या पोटात होता. (नंबर असताना तरी दोन वर्षांत कुठं लावला, असं तू मनात म्हणालास ते मला इथं ऐकू आलं. तूही लावला नाहीस, हे मीही मनातच म्हणतो.) पत्ता मिळाला तो मागच्या दिवाळीला तू मायसाठी सुके बोंबील पाठवले त्या खोक्यावरून. बोंबील आठ दिवसांत संपले. खोकं मायनं ठेवलं आहे. त्यात तिचं आधार कार्ड, बाबांचा फोटो आणि गुडघ्याच्या तेलाची बाटली असते, त्यामुळे तिन्हींना आता समुद्राचा वास येतो. पत्ता उतरवायला खोकं मागितलं तर हातात दिलं नाही. स्वतःच धरून बसली आणि म्हणाली, "लवकर लिव्ह. उघडं राह्यलं का वास उडते."

तर मी हत्तीडोहाचा राखणदार झालो आहे. हसू नको. तुला माहीतच आहे, आपला नाला जिथं वैनगंगेला मिळतो तो हा डोह. त्यात कधीकाळी हत्ती बुडाला म्हणतात. हत्ती कोणी पाहिला नाही, पण डोह इतका खोल आहे की न पाहता पटतं. पाऊस लागला की नदीतली मासोळी याच डोहात गोळा होते, दम खाते आणि मग नाल्यानं वर चढून पाणी भरलेल्या धानाच्या बांध्यांपर्यंत अंडी घालायला जाते. आणि आपण ढिवर, बाबांपासून आतापर्यंत, नेमके त्याच वेळी त्याच तोंडाशी जाळं लावून बसतो. तू गेल्यापासून साल दर साल मासोळी कमी झाली. मागल्या साली तर चढणीच्या दिवसांत माझ्या जाळ्यात एक चप्पल, दोन शेवाळाचे गोळे आणि सहा रोहू आले, त्यातले चार इतके लहान की त्यांच्याकडे बघून मलाच लाज वाटली.

भंडाऱ्याच्या कॉलेजातली अपेक्षा नावाची मुलगी दोन वर्षांपासून गावात येते. डोक्यावर टोपी, हातात फूटपट्टी. आपण धरलेली प्रत्येक मासोळी मोजते, वहीत लिहिते आणि परत देते. (सुरुवातीला सगळ्यांना वाटलं घाऊक गिऱ्हाईक आहे. आपल्या ढिवरांतल्या मंगरूनं तर तिला दोन दिवस चहा पाजला.) तिनं जेठ महिन्यात ग्रामसभेत उभं राहून सांगितलं की मिरगापासून पोळ्यापर्यंत हत्तीडोह आणि वरचा नाला राखून ठेवा, जाळं टाकू नका. समुद्रातसुद्धा असंच करतात, म्हणाली. शेकडो कोस पोहत जाणारे मासे असतात, त्यांच्यासाठी अख्खा समुद्र तर कोणाला राखता येत नाही. मग त्यांच्या वाटेवरच्या जागा हेरायच्या: जिथं ते अंडी घालतात, जिथं पिल्लं वाढतात, जिथं दाटीनं जमतात. तेवढ्या जागी धरायचं नाही. आणि एकानं राखून उपयोग नाही, वाटेवरच्या सगळ्यांनी राखलं पाहिजे, नाहीतर इथं सोडलेली मासोळी पुढच्या गावच्या कढईत जाते. हेही म्हणाली की पावसाचे दोन महिने तुमच्या सगळ्या लाँची किनाऱ्याला बांधलेल्या असतात, मासेमारी बंद असते. लिलाधर, हे मला माहीत नव्हतं. बाकीचे मासोळीचा विचार करत होते. मी बोटं मोजत होतो. चार वर्षांचे आठ महिने झाले. आठ महिने तू किनाऱ्यावर रिकामा बसला होतास.

तेवढ्यात मारोतराव उठले. (नाल्याकाठची सगळी धानाची शेती त्यांची, सत्तरी उलटली, पण ग्रामसभेत विरोध केल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नाही.) म्हणाले, "समुद्राच्या गोठी सांगून राहिली पोरगी. इथिसा समुद्र पाह्यला कोनं?" आणि मी, ज्याला ग्रामसभेत कधी पाणी मागायलासुद्धा तोंड उघडता आलं नाही, तो उभा राहिलो. "माया भावानं," म्हणालो. मारोतराव म्हणाले, "मंग काय म्हनते तुया भाऊ?" आता तू काय म्हणतोस ते मला कसं माहीत असणार? पण उभं राहिल्यावर बसता येईना. म्हणालो, "भाऊ म्हनते, चढनीची मासोळी आज धरशीन तं पुढच्या साली काय धरशीन?" म्हाताऱ्या आनंदाबाईनं मान हलवली, मग बाकीच्यांनी हलवली, आणि ठराव पास. राखणदार कोण, तर ज्याचा भाऊ समुद्रात आहे तो. तेव्हापासून गावात तू समुद्रखात्यातला मोठा माणूस आहेस. कोणी विचारलं तर नाही म्हणू नको, माझी इज्जत जाईल.

पहिलं काम बोर्डाचं. गावात लग्नाच्या भिंती रंगवणारा एक जण आहे, त्याच्याकडून डोहाच्या काठी लावायला पत्रा रंगवून घेतला. अक्षर सुंदर आलं. "येथे मासे धरण्यास सक्त मनाई आहे," आणि खाली, हाताच्या सवयीनं, "तरी सहकुटुंब सहपरिवार अगत्य यावे." मी म्हणालो, हे पुसून दे. तो म्हणाला, ऑइलपेंट आहे, पुसलं तर वरचंही जाईल. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडून एक कुटुंब डबे घेऊन आलं आणि बोर्डाखाली सतरंजी टाकून बसलं. मासे धरले नाहीत हे कबूल करायला पाहिजे. लेकी, जावई, एक बकरीही होती. दिवसभर कोणतं कलम लावावं याचा विचार केला आणि शेवटी त्यांच्या डब्यातला भात खाऊन घरी आलो.

त्यानंतरच्या रविवारी जवाहरनगरहून एक जण मोटारसायकलवर आला. वीरेंद्र नाव, फॅक्टरीत नोकरी, तिथंच क्वार्टर. त्याच्याकडे गळाची अशी काठी होती की तिला चाक, चकती, हँडल, काय नाही ते. मी बंदी सांगितली. तो फार अदबीनं म्हणाला, अंकल, मी धरत नाही, मी धरून सोडून देतो. मी म्हणालो, सोडूनच द्यायची तर बोलावता कायले? तो म्हणाला, शौक आहे. मला रात्रभर ते कोडं सुटलं नाही. पाहुण्याला दारापर्यंत ओढून आणायचं, त्याच्या ओठात काटा टोचायचा, फोटो काढायचा आणि म्हणायचं, जा आता. पण माणूस भला. मी नाही म्हणालो तर काठी गाडीला बांधून ठेवली आणि दर रविवारी नुसता बघायला यायला लागला. आम्ही दोघं एका छत्रीत बसून काहीच न धरण्याचं काम करत असू.

पहिला चोर सापडला तो राखणीच्या नवव्या दिवशी, दिवस उगवता उगवता. नाल्याच्या दगडांच्या फटीत बांबूची टोपली लावलेली, मासोळी आत जाते पण बाहेर येत नाही तसली, आणि तिच्याशेजारी लुगडं खोचून, पाय पाण्यात सोडून बसलेली आपली माय.

"माय, हे काय व?"

"मासोळी."

"बंदी हाये ना!"

"बंदी चढनीच्या मासोळीले हाये. हे उतरून राहिली होती. म्या सोताच्या डोयानं पाह्यलं."

मी टोपलीत वाकून पाहिलं. बोटाएवढ्या वीसपंचवीस मासोळ्या होत्या, काहींची तोंडं वर, काहींची खाली. ठरावात याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. लिलाधर, तिथं दुसरं कोणी नव्हतं. एक म्हैस होती आणि तिनं मान फिरवली होती. मी गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण नऊ दिवस मी सगळ्या गावाला दम देत फिरलो होतो. मी मायसमोर टोपली पाण्यात उलटी केली. नियम असा ठरला होता की ज्याचं जाळं सापडेल ते पोळ्यापर्यंत ग्रामपंचायतीसमोरच्या खांबाला लटकवायचं, नावाच्या चिठ्ठीसकट. मी टोपली लटकवली आणि चिठ्ठीवर लिहिलं, "रेवताबाई." (आडनाव लिहिलं नाही. तेवढी मुभा राखणदाराला असते.)

माय अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. जे काय बोलायचं ते भिंतीशी बोलायची. "भिती, तुया पोटचा गोळा तुलेच खांबाले टांगीन का व?" गावावर मात्र असा परिणाम झाला की त्यानंतर एकानंही जाळं बाहेर काढलं नाही. मंगरू सगळ्यांना सांगत फिरला, ज्यानं मायले सोडलं नाही तो आपल्याले काय सोडते. मी मोठा कडक राखणदार म्हणून नाव कमावलं आणि रोज भिंतीकडे तोंड करून जेवलो.

बाराव्या दिवशी रंजूनं मला आत बोलावलं आणि फडताळावरचा तेलाचा जुना पत्र्याचा डबा उतरवून उघडून दाखवला. रिकामा. म्हणाली, तुम्हाला चार वर्षांत हे माहीत नाही? दर पावसाळ्यात चढणीच्या वेळी माय बारीक मासोळी धरते, मीठ लावून वाळवते आणि हा डबा भरून ठेवते. पुढच्या पावसाळ्यात जुनी मासोळी आपल्याला खाऊ घालते आणि नवीन भरते. रंजूनं तिला एकदा विचारलं होतं, कोणासाठी? तर म्हणाली, "लिलाधर आला तं जातानी त्याच्यासंगं काय देऊ?" ध्यानात घे लिलाधर. येशील तेव्हा काय करू, असं नाही म्हणाली. तू येणार आणि परत जाणार हे तिनं धरूनच ठेवलं आहे, तिची तयारी जाण्याची आहे. मी डबा परत वर ठेवला. त्या दिवशी राखणीला गेलो नाही. (वहीत मात्र हजेरी मांडली आहे.)

आता फोनचं सांगतो. आषाढात तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडीप झाली म्हणून मी आणि वीरेंद्र नाल्यावर गेलो. मारोतरावांच्या शेताजवळ तो जुना दगडी बांध आहे ना, कमरेइतका, त्यावरून लाल पाणी धबाधबा पडत होतं. आधी आवाज आला. धुणं आपटल्यासारखा. मला वाटलं एवढ्या पुरात कोण बाई धुवायला आली? वळणावर गेलो तर मासोळी चढत होती. हाताएवढे रोहू, लिलाधर. एक उडाली, बांधावर आपटली, खाली गेली. परत उडाली, परत आपटली. तिसऱ्यांदा अशी वाकली जसा वाकवून सोडलेला बांबू, आणि गेली वर. मागून दुसरी, बाजूनं दोन. शिंगाडे मासे होते, मरळ होती, नाव न येणाऱ्याही होत्या. बाबा सांगायचे की त्यांच्या लहानपणी चढणीच्या दिवशी नाल्याचा आवाज गावात ऐकू यायचा आणि आपण त्यांच्यामागं हसायचो. मी एकवीसपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सुटलं.

मी फोन काढला. तुला पाठवायचं म्हणूनच काढला, दुसऱ्या कशासाठी नाही. दोन वर्षांचा अबोला आठवला नाही. फोन धरला आणि ओरडायला लागलो, "लिल्या, पाय! अबे लिल्या, पाय ना हे काय होऊन राह्यलं!" वीरेंद्र म्हणतो की त्या चित्रात मासोळी आली असेल की नाही सांगता येत नाही, कारण मी फोन स्वतःकडेच तोंड करून धरला होता. असेल. पण ते आता कोण बघणार? मी एक पाऊल मागं घेतलं, खाली शेवाळ होतं, आणि पुढच्या क्षणी मी बांधाखालच्या पाण्यात. फोन माझ्या आधी निघून गेला, थेट हत्तीडोहाकडे. मी उठायला गेलो तर एक रोहू उडाली ती सरळ माझ्या छातीवर. तिला वाटलं असेल बांध वाढवला. मी परत खाली. शेवटी वीरेंद्रनं छत्रीची वाकडी मूठ माझ्या कॉलरला अडकवून मला काठाला ओढलं आणि तितक्याच अदबीनं विचारलं, "अंकल, धरलं तर आहे. आता सोडून देऊ का?"

तो हसला, मीही हसलो. मग तो गाडीकडे टॉवेल आणायला गेला आणि मी काठावर एकटा बसलो. तेव्हा मले रडू आलं. (शुद्ध भाषा इथं बाजूला राहू दे.) हाच बांध होता. असाच आषाढ. तू जाळ्याचं खालचं टोक धरलं होतं आणि मी वरचं, आणि त्यात ती मोठी रोहू आली, जिचं पोट एवढं फुगलेलं की तू नुसता हात लावला तर अंडे तुझ्या बोटांवर आले. तू म्हणाला, "दादा, हिले सोड. हिले आज धरशीन तं पुढच्या साली काय धरशीन?" आणि मी काय म्हणालो? "नदी तुया बापाची हाये का?" बाबांनी सारा जन्म त्याच नदीत काढला आणि मी तुला हे विचारलं. तू जाळ्याचं टोक सोडून दिलं. मी ती मासोळी अड्याळच्या बाजारात नेऊन विकली आणि घरी येऊन तुझ्यासमोर जेवलो. पाचव्या दिवशी तू गेला. मी ओट्यावर बसून दात घासत होतो. तू म्हणाला, येतो. मी तोंडात पाणी होतं म्हणून बोललो नाही. पाणी थुंकून टाकायला किती वेळ लागते?

म्हणजे ग्रामसभेत "माझा भाऊ म्हणतो" म्हणून जे मी सांगितलं ते खोटं नव्हतं. तू खरंच म्हणाला होतास. गावानं एका फटक्यात ऐकलं, मला चार वर्षं लागली.

पूर ओसरला आणि नवीनच भांडण निघालं. वर चढलेल्या मासोळीनं मारोतरावांच्या बांध्यांमध्ये अंडी घातली होती आणि धानाच्या बुडाशी तांदळाएवढी, मग गव्हाएवढी पिल्लं वळवळू लागली. मारोतरावांनी मला बोलावणं धाडलं.

"मोतीलाल, हे पिल्लं कोनाचे?"

"नदीचे जी."

"माया बांधीत जलमले तं माये झाले."

"मंग बगळे बी तुमचेच, काका. तेही तुमच्याच बांधीत खाऊन राहिले."

हे बोललो आणि चूक झाली. कारण मारोतरावांनी बगळ्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. अपेक्षानं येऊन त्यांना समजावलं की बांधीतलं पाणी तोडू नका, औषध फवारू नका, पिल्लं बोटाएवढी झाली की आपली आपण नाल्यानं डोहात उतरतील. मारोतराव म्हणाले, ती उतरतील हे मासोळीकडून लिहून आण. पण दुसऱ्या दिवसापासून हा माणूस छत्री घेऊन बांधीच्या धुऱ्यावर बसलेला. बगळा उतरला की उठून शिव्या देतो. फवारणीचा पंप घरी ठेवला. सून जेवायला बोलवायला आली तर म्हणतो, हळू बोल, पोट्टे भेतेत. गावात सगळे त्यांना दाई म्हणतात आणि ते चिडत नाहीत. परवा अपेक्षानं फूटपट्टीनं मोजलं, काही पिल्लं चार बोटं भरली. पहिला थवा नाल्यानं खाली गेला तेव्हा मारोतराव काठाकाठानं चालत डोहापर्यंत गेले आणि परत आले. मग मला एकदम विचारलं, "तुया भावाले इचार, हे वापस येतेत का?" मी म्हणालो, विचारून सांगतो. तर तेवढं कळव.

मायनं बोलणं सुरू केलं आहे. टोपली अजून खांबालाच आहे. मी म्हणालो होतो काढून आणतो, तर म्हणाली, राहू दे, सगळ्यांइतकाच नियम. येता-जाता तिच्याकडे बघते आणि नव्या बायांना सांगते, ते मायी हाये.

बाकी सर्व ठीक. जास्त काय लिहावं? जिवाला जप, पाण्यावर वाद घालू नको, वादात मी आपल्या घराण्याचा वाटा पुरा केला आहे. उत्तराची घाई नाही.

तुझा थोरला भाऊ,
मोतीलाल

ता. क. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बंदी उठते. पहिलं जाळं समुद्रातल्या भावानं टाकावं, असं ग्रामसभेत ठरलं आहे. तू येणार असं मी कोणाला सांगितलेलं नाही. नाही येणार असंही सांगितलं नाही, एवढंच. माझा उजवा खांदा नाल्यात पडल्यापासून वर जात नाही, नाहीतर मीच टाकलं असतं.

आणखी एक ता. क. वरचं खोटं आहे. सांगितलं आहे, मीच सांगितलं, तारखेसकट. खांदाही चांगला वर जातो. पण मले त्या डोहात एकट्यानं जाळं नाही टाकायचं. खालचं टोक कोणीतरी धराले पाहिजे आणि सोड म्हणाले पाहिजे. या वेळी सोडीन.

(वहिनीचं अक्षर.) लिलाधर भाऊजी, पत्र टपालात टाकायला माझ्याजवळ दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. पंधरा दिवस झाले, हे रोज चार वाजता सायकल काढतात आणि कारध्याच्या पुलावर जाऊन उभे राहतात. कायले जाता म्हटलं तर म्हणतात, मासोळी मोजून राहिलो. पुलावरून मासोळी दिसत नाही जी, भंडाऱ्याकडून येणाऱ्या गाड्याच दिसतात. येणार असाल तर कोणत्या गाडीनं ते कळवा. येणार नसाल तर काहीच कळवू नका, त्यांची तेवढी संध्याकाळची फेरी राहू द्या.

रंजू